मामाचा अंकल कसा झाला

दिवाळी आटोपली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. 'मंडई' म्हटले की पुण्या-मुंबईच्या वाचकांच्या डोळ्यांपुढे कोथिंबिरीच्या जुड्या उभ्या राहतात. आमच्या मंडईत भाजीला फारसा मान नाही; तिथला मुख्य माल म्हणजे नातेवाईक. दिवसा बाजार, रात्री दंडार नाहीतर नाटक, आणि मधल्या वेळात ओसरीवर बसून कुणाची मुलगी लग्नाची झाली, कुणाचा मुलगा नोकरीला चिकटला याच्या चौकश्या. कितीतरी लग्नांची पहिली बोलणी या मंडईतच होतात.

माझे गाव दिघोरी. नागपुरातही एक दिघोरी आहे, म्हणून आधीच खुलासा केलेला बरा : आमची भंडारा जिल्ह्यातली, लाखांदूर तालुक्यातली. कागदोपत्री तिचे नाव दिघोरी मोठी. आमच्याकडे बापाच्या थोरल्या भावाला मोठा बाप आणि त्याच्या बायकोला मोठी माय म्हणतात. त्या हिशेबाने आमचे गावसुद्धा नात्यातलेच लागते. खरे म्हणजे हे माझे आजोळ. मी तीन वर्षांचा असताना वडील गेले, आई आम्हा भावंडांना घेऊन माहेरी आली, आणि मी मामाच्या घरी वाढलो. तेव्हा 'मामाच्या गावाला जाणे' हे सुख काही मला मिळाले नाही. मी तिथेच होतो.

तर गेल्या मंडईला माझी भाची पुण्याहून मुलाला घेऊन आली. मुलगा सात-आठ वर्षांचा, चुणचुणीत, इंग्रजी शाळेतला. ओसरीवर आम्ही चौदा जण बसलो होतो. तो आतून धावत आला आणि त्याने मोठ्याने हाक मारली, "अंकल!"

नऊ जणांनी 'ओ' दिली. उरलेले पाच कानाने अधू होते.

त्या नऊ जणांत माझे दोन मामेभाऊ होते, एकाचा साडू होता, दुसऱ्याचे व्याही होते, मुलाचा सख्खा मामा होता, त्याच्या मावशीचा नवरा होता, शेजारचा किराणा दुकानदार होता, आणि मंडईत फुगे विकायला आलेला एक गृहस्थ होता, जो तंबाखू मळायला म्हणून घटकाभर ओसरीवर टेकला होता. नववा मी. पोराला हवा होता फुगेवाला. सर्वांत आधी 'ओ' त्यानेच दिली होती, कारण धंद्यामुळे त्याला या हाकेची सवय होती.

मला एकदम आमची शाळा आठवली.

इंग्रजीच्या पहिल्याच वर्षी गुरुजी आम्हाला नात्यांचे शब्द शिकवत होते. "काका?" "अंकल." "मामा?" "अंकल." "मावशीचा नवरा?" "अंकल." "आत्याचा नवरा?" तोवर सारा वर्ग तयार झाला होता. "अंकल!" आम्ही फार खूश. चार नाती आणि स्पेलिंग एक! ज्या भाषेत पाठांतर इतके कमी ती भाषा जगावर राज्य करणारच, असे मला त्या दिवशी पटले.

मग मागच्या बाकावरचा एक जण उठला. शेतीवाडीतला पोर, अंगाने थोराड, रोवणीच्या दिवसांत शाळेला हमखास दांडी मारणारा. तो म्हणाला, "गुर्जी, मंग मामाची पोरगी अना काकाची पोरगी, दोगीबी कझिनच का?"

"हो, दोघीही कझिनच."

"मंग लगन कोनासंग करू?"

वर्ग हसला, पण गुरुजी हसले नाहीत. ते थोडा वेळ फळ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बाळ, तू लग्न मराठीतच कर."

पुढे इरावतीबाई कर्वे यांचे 1953 साली प्रसिद्ध झालेले भारतीय नातेसंस्थेवरचे इंग्रजी पुस्तक वाचले तेव्हा कळले, की आमच्या मागच्या बाकाने मुळावरच बोट ठेवले होते. उत्तरेकडे अशी सगळीच भावंडे लग्नाला वर्ज्य, दक्षिणेकडे मामाची आणि आत्याची मुलगी चालते, आणि मध्ये आपला महाराष्ट्र. आपल्याकडच्या पुष्कळ जातींत मामाची मुलगी चालते, नव्हे, तिच्यावर हक्कच असतो; आत्याची सहसा चालत नाही; आणि काकाची मुलगी तर बहीणच. एक 'कझिन' शब्द या सगळ्यांवरून रोलर फिरवतो. तो मुलगा कधी इंग्रजीत पास झाला नाही. पण त्याचे लग्न मामाच्याच मुलीशी झाले, आणि इंग्रजीवाचून त्याचे काही अडले नाही.

अडले ते माझे.

1974 साली मी मुंबईत एका कचेरीत कारकून होतो. कोणत्या ते सोडा, सगळ्या सारख्याच. एक दिवस साकोलीहून तार आली. आमच्या गावची तहसील तेव्हा साकोली होती. तार गावातल्या एका शिकलेल्या माणसाने शब्द मोजून इंग्रजीत पाठवली होती : 'अंकल एक्स्पायर्ड स्टार्ट इमिजिएटली.' तारेत शब्दामागे पैसे पडत, म्हणून काटकसर.

तार साकोलीहून, म्हणजे काका नव्हे, मामा, एवढे कळले. पण मला मामा दोन. थोरल्याने मला वाढवलेले, धान विकून शाळेची पुस्तके घेऊन दिलेली. धाकटा नुसता मामा. त्या तारेकडे बघत बघत मी मनातल्या मनात धाकट्याला मारून टाकले. वयाने धाकटा, प्रकृतीने धडधाकट, कधी मला वाकड्या शब्दाने बोललेला नाही. पण मी त्याला मारले. हे लिहायला पन्नास वर्षांनंतरही बरे वाटत नाही.

रजेचा अर्ज केला. तोही इंग्रजीतच करायचा असे. साहेबांनी वाचला आणि म्हणाले, "अंकल म्हणजे जवळचे नाते धरत नाहीत. फादर-मदर असते तर गोष्ट वेगळी." अर्ज परत. शेरा : 'रिग्रेटेड'. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यांच्यापुढे उभा राहिलो. या खेपेला कागद नेला नव्हता. म्हटले, "साहेब, मामा गेला माझा."

साहेबांनी चष्मा काढला. "मामा? अहो, मग तसं सांगायचं ना काल! अंकल काय लिहिता?" आणि तिथेच सही केली. साहेबही आपल्यातलेच. बोहल्यापाशी मुलीला मामा घेऊन येतो हे त्यांनाही ठाऊक होते. नियम इंग्रजी होता, माणूस मराठी होता. मधला एक दिवस मात्र त्या भाषांतरात गेला.

रात्रीची गाडी, नागपूर, तिथून एस.टी.ने साकोली, साकोलीहून दुसरी एस.टी. दिघोरीच्या थांब्यावर उतरलो तर समोर मला न्यायला धाकटा मामा उभा.

राख सावडून झाली होती.

तेरवी करून मुंबईला परतलो आणि त्या 'अंकल'चा एकदा समाचार घ्यायचा म्हणून वाचनालयातला जाडजूड इंग्रजी कोश उघडला. सूड घ्यायला गेलेला माणूस कधीकधी पाहुणचार घेऊन येतो, तसे माझे झाले. तेव्हापासून हा छंदच लागला.

तुमचा समज असेल, माझाही होता, की इंग्रजांना नात्यांचे शब्द मुळातच कमी. तसे नाही. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत बापाच्या भावाला 'फॅडेरा' म्हणत आणि आईच्या भावाला 'एआम'. बापाची बहीण 'फाथू', आईची बहीण 'मोड्रिये'. म्हणजे काका, मामा, आत्या, मावशी! चारही खण भरलेले. आपल्या घरासारखेच घर.

मग 1066 साली नॉर्मंडीचा विल्यम समुद्र ओलांडून आला आणि इंग्लंडच्या गादीवर बसला. राजदरबाराची, कोर्टकचेरीची भाषा फ्रेंच झाली. साहेब लोक फ्रेंच बोलतात म्हटल्यावर शहाणीसुरती माणसे फ्रेंच शब्द वापरू लागली. पुढच्या दोन-तीनशे वर्षांत 'फॅडेरा' गेला, 'फाथू' गेली, 'मोड्रिये' गेली आणि त्यांच्या जागी 'अंकल' आणि 'आंट' येऊन बसले. 'एआम' तेवढा चिवट निघाला. उत्तर इंग्लंडच्या आणि स्कॉटलंडच्या खेड्यांतून तो 'ईम' होऊन कितीतरी शतके तग धरून होता. तिकडेही झाडीपट्टी असणार. साहेबाच्या भाषेत आपल्या मामाला हाक मारण्याची हौस आपल्यालाच आहे असे नव्हे. खुद्द इंग्रजाने ती हौस आपल्या आधी कित्येक शतके भागवून घेतली होती.

पण खरी गंमत पुढेच आहे. हा 'अंकल' फ्रेंचात आला लॅटिनमधून. लॅटिनमध्येही चारही खण होते. काका 'पात्रुउस', मावशी 'मातेर्तेरा', आणि ज्या शब्दापासून 'अंकल' झाला तो 'अवुंकुलुस' म्हणजे... मामा! फक्त मामा. काकाला अवुंकुलुस म्हटले असते तर रोमन माणसाने तोंडात मारली असती. 'आंट' झाली 'अमिता' या शब्दापासून, आणि अमिता म्हणजे आत्या. (माझ्या ओळखीत तीन अमिता आहेत. तिघींनाही हे सांगितले, तेव्हापासून त्या माझ्याशी जपून बोलतात.) 'कझिन' आला 'कॉन्सोब्रिनुस'पासून, आणि तो मुळात होता मावसभाऊ.

कोश मिटून मी तिथेच बसून राहिलो. साहेबांनी परत केलेल्या त्या अर्जात मी 'अंकल' लिहिले होते, म्हणजे मुळाला धरून 'मामा'च लिहिले होते. ते साहेबांना ठाऊक नव्हते आणि मलाही.

आता आपल्याकडची एक जुनी रीत बघा. सून सासऱ्याला काय म्हणे? मामंजी. सासूला? आत्याबाई. मामाच्या किंवा आत्याच्या घरी मुलगी देण्याच्या चालीची ही खूण असावी. म्हणजे आजची एखादी नवी सून सासू-सासऱ्यांना चुकून 'अंकल-आंटी' म्हणाली, तर तिला टाकून बोलू नका. व्युत्पत्तीने पाहिले तर ती पोर 'मामंजी-आत्याबाई' असेच म्हणते आहे, तेही लॅटिनमध्ये!

साहेबाच्या भाषेतला हा खण एकदा मोकळा झाला तो झालाच. सासरच्या माणसांना त्यांनी 'इन लॉ' अशी कायद्याची शेपटी लावली. पूर्वी तर तीही सैल होती. डिकन्सच्या 1836-37 सालच्या 'पिकविक पेपर्स'मध्ये सॅम वेलर आपल्या सावत्र आईला 'मदर-इन-लॉ' म्हणतो. सासू आणि सावत्र आई यांना एकच शब्द पुरवणाऱ्या त्या लोकांच्या धैर्याचे मला कौतुक वाटते. व्याह्याला त्यांच्याकडे शब्दच नाही. आणि म्हणूनच बहुधा आपल्यासारखे रुसवेफुगवेही नाहीत.

असे लोक आपल्या देशात राज्य करायला आले, तेव्हा त्यांची काय तारांबळ उडाली असेल! मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी कोश 1831 साली निघाला. त्यात साडू, जाऊ, नणंद, विहीण अशा आपल्या एकेका शब्दाला त्यांना तिघाचौघांची साखळी जोडावी लागते : बायकोच्या बहिणीचा नवरा, नवऱ्याच्या भावाची बायको. आपल्या एका शब्दाला त्यांची अख्खी वरात.

आमच्या भागाचा आणि त्यांचा संबंध आला तोही नात्यावरूनच. भंडारा तेव्हा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात. 1853 साली तिसरे रघूजी भोसले वारले. मुलगा नव्हता. राणीवशाने दत्तक घेतला. लॉर्ड डलहौसीने तो मान्य केला नाही आणि राज्य खालसा केले. आपल्या शास्त्राने दत्तक म्हणजे मुलगा. साहेबाच्या फायलीत तो मुलगा नव्हता. माझी एक दिवसाची रजा गेली त्याचे दुःख मी या गोष्टीपुढे आवरते घेतो. शेरा मात्र दोघांच्याही कागदावर एकच : 'रिग्रेटेड'.

पुढे 1861 साली मध्य प्रांत झाला आणि आम्ही त्यात गेलो. त्या प्रांतातल्या जातीजमातींवर रसेलसाहेब आणि रायबहादूर हिरालाल या दोघांनी चार खंडांचा ग्रंथ लिहिला. तो 1916 साली निघाला. गोंडांच्या प्रकरणात त्यांनी एक शब्द टिपून ठेवला आहे : 'दूध लौटाना'. एका घराने आपली मुलगी दुसऱ्या घराला दिली, तर तिची मुलगी पहिल्या घरात सून म्हणून परत यायची. गेलेले दूध परत आले! ग्रंथकारांना हे इंग्रजीत समजावून द्यायला भाऊ, बहीण, त्यांची मुले असा सगळा हिशेब मांडावा लागतो. जंगलातल्या माणसाने तो दोन शब्दांत मिटवला होता, आणि त्यात देणेघेणेही आले, मायाही आली.

साहेब 1947 साली गेले. शब्द राहिले, आणि आपण त्यांचे लोणचे घातले. बायकोने नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही हा आपला रिवाज. पूर्वीच्या बायका 'इकडून', 'तिकडून', 'स्वारी' असे पंचांग मांडत. आमच्याकडे 'आमच्या घरचे'. मग शहरात 'माझे मिस्टर' आले. आता 'मिस्टर' हा 'मास्टर'चाच अवतार, म्हणजे 'माझे धनी'. 'हजबंड' घ्या, तो जुन्या नॉर्स भाषेतून आलेला, अर्थ घरधनी. इकडे कारकून मंडळी बायकोला 'कुटुंब' म्हणत. ती इंग्रजी शिकल्यावर 'फॅमिली' म्हणू लागली. "फॅमिली गावाला गेलीय, म्हणून डबा नाही." 'फॅमिली' ज्या लॅटिन शब्दावरून आला तो घरच्या नोकरचाकरांवरून निघालेला आहे. ही ओळ मी आमच्या घरी मोठ्याने वाचून दाखवली. आतून उत्तर आले, "मग धनी, दळण आणा."

कोणी म्हणेल, आपणही अनोळखी माणसाला काका-मामा म्हणतोच की. म्हणतो. पण त्यात निवड असते. हवालदार मामा असतो, शेजारचे जोशी काका असतात, भाजीवाली मावशी असते. हवालदाराला अजून कोणी 'आत्याचा नवरा' म्हटल्याचे ऐकिवात नाही. आणि ज्यांना 'कझिन'ने पुरेसे होईना त्यांनी आपली डागडुजी केलीच : 'कझिन ब्रदर', 'कझिन सिस्टर', आणि दक्षिणेत तर साडूला 'को-ब्रदर'. इंग्रजीच्या मोकळ्या घरात आपण आपल्या भिंती घालून घेतल्या.

तरीही 'अंकल' आपल्याला इतका का आवडला? माझा आपला एक तर्क आहे. मामा म्हटले की हिशेब सुरू होतो. मुलीला बोहल्यापाशी नेणे आले, आहेर आला, मुंजीत मानाचे बसणे आले, आणि बहीण विधवा होऊन दारात उभी राहिली तर तिला आणि तिच्या पोरांना आत घेणे आले. अंकलला यातले काहीच लागत नाही. त्याला एक चॉकलेट पुरते. शब्द सोपा आहे, कारण काम सोपे आहे. इंग्रजांचेही असेच झाले असावे. मामाने करायची कामे आधी सुटली असतील, शब्द मग सुटला असेल. आपण मात्र उलट्या टोकाने निघालो आहोत. आधी शब्द सोडतो आहोत. कामांचे काय होते ते आमच्यानंतरची मंडळी बघतील.

मंडईच्या त्या संध्याकाळी फुगा घेऊन तो मुलगा माझ्यापाशी येऊन उभा राहिला. भाचीने त्याला नमस्कार करायला पाठवले होते. नमस्कार करून त्याने विचारले, "तुम्ही माझे कोण?"

"तुझ्या आईचा मामा."

"म्हणजे अंकल?"

"म्हणजे आजोबा."

त्याने मला खालून वर पाहिले. "माझे आजोबा पुण्याला आहेत. ते तुमच्यापेक्षा उंच आहेत."

"मग मी छोटा आजोबा."

हे त्याला पटले आणि तो पळाला. मी तिथेच थबकलो. कारण त्या जाडजूड कोशात 'अवुंकुलुस'पुढे आणखी एक ओळ होती, ती वर सांगायची राहून गेली. 'आवुस' म्हणजे आजोबा. त्याचे लाडके, लहान रूप ते अवुंकुलुस. आईचा भाऊ म्हणजे छोटा आजोबा. आमच्या थोरल्या मामाला हे कळते तर तो बांधीतला चिखल पायावरून झटकत एवढेच म्हणाला असता, "मंग, दुसरा कोन?"

रात्री नाटकाला निघायच्या वेळी ओसरी पुन्हा भरली होती. सकाळचेच सगळे होते, शिवाय दोन पाहुणे नवीन. आतून हाक आली, "छोटे आजोबा, माझी चप्पल सापडत नाही!"

या खेपेला 'ओ' एकानेच दिली.